धारोष्ण दूध आणि मामांचा ताप

४ जाने.
सासऱ्यांना, मामांना, आजही संध्याकाळी ताप. तिसरा आठवडा. सकाळी ठणठणीत, शेळ्या घेऊन दिंद्रुडच्या माळावर. सांजंला घोंगड्यात घामाघूम. कंबर धरलेली. उद्या माजलगावला न्यायचंच, म्हटलं. तर म्हणतात, "मला न्हाई, शेळ्यांला न्या. दोघी गाभडल्यात, पोटातली करडं गेली."

५ जाने.
दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दूध कसं पिता? मामा ऐटीत म्हणाले, "थेट आचळाखाली तोंड. जन्मभर हेच." मी खाली मान घातली. मग बाईंनी गाभडलेल्या शेळ्यांचं विचारलं. करडांमागची वार मामांनी उघड्या हातानंच काढली होती. रक्त घेतलं.

८ जाने.
जिवाणूंचाच ताप. शेळ्यांकडून आलेला. कच्च्या दुधातून, नाहीतर त्या उघड्या हातांतून. दीड महिना गोळ्या, एकही चुकवायची नाही. बरा होतो म्हणाल्या. हुश्श.
येताना एसटीत मामा : "म्हंजे माज्याच लेकरांनी दगा दिला की." आणि स्वतःच हसले. मग मीही.

९ जाने.
घरात कच्चं दूध बंद. उकळलेलं दिलं तर मामांचं तोंड वाकडं.
"कावून इतकं जाळलं?"
"जिवाणू मारले, मामा."
"मंग मेलेले जिवाणू पाजतीस व्हय मला?"
साखर घातली.

२० जाने.
ताप चार दिवस नाही. भाकरी दीड!
जनावरांचे डॉक्टर सातही शेळ्यांचं रक्त घेऊन गेले. मामा एकेकीचा कान धरून नाव सांगत होते. डॉक्टर म्हणाले, जिच्यात दोष निघेल ती कळपात ठेवता येणार नाही. विकायचीही नाही. मामा सखूच्या पाठीवरून हात फिरवत बसले. गाभडलेल्यांतली एक तीच.

२ फेब्रु.
पारावर मामांचं भाषण. शेजारचा धनगर म्हणे, तुमीच तर कच्चं पीत होता. मामा : "मी चुकलो जन्मभर. तू कावून चुकतूस बे?" त्याच्या बायकोनं संध्याकाळी येऊन विचारलं, दूध किती वेळ उकळायचं. बरं वाटलं.

६ फेब्रु.
फोन आला, शेळ्यांचे रिपोर्ट तयार. उद्या आणायचे. मामा म्हणाले, तूही चल. "कागद आधी तू वाच. लगीच सांगू नकू. तुज्या तोंडावरून कळंल मला."
आरशासमोर उभी राहून चेहरा कोरा ठेवून बघितला. जमत नाही.