म्हातारीचं बाजलं

गुरुजी, आठ दिवस झाले, जिवाला चैन नाही. वह्या तपासायला घेते, बाजूला ठेवते, उगाच शाळेच्या गच्चीकडे बघत बसते. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी बोलायचंय ते तुमच्याशीच.

कुडपणच्या शाळेतली ती संध्याकाळ. शिमग्याला पंधरा दिवस होते, चंद्र नव्हता. पहिली-दुसरीची पोरं घेऊन तुम्ही गावावरच्या मोकळ्या सड्यावर, कातळाच्या पठारावर निघालात. मी महाडहून नवी आलेली, डीएडची ऐट आणि काखेत पुठ्ठ्याचा तारकानकाशा. तुम्ही पोरांना घोंगडीवर उताणं निजवता, म्हणता, आधी नुसतं बघा, मग काय दिसतं ते सांगा. वरच्या वाडीतली, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका असलेली ती दुसरीतली मुलगी, वर्षभर मुकी बसलेली, एकदम बोट वर करते. "बाई, ते म्हातारीचं बाजलं हाय. चार पाय, न् मागं तीन चोर. माजी आजी सांगते." आणि मी दीडशहाणी नकाशा पुढे करून म्हणाले, "चूक. सप्तर्षी म्हण." तिने म्हटलं, आणि घोंगडीत तोंड खुपसलं ते शेवटपर्यंत काढलं नाही.

उतरताना तुम्ही रागावलाही नाहीत. "तिने आज पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, बाई. उद्या वाडीवर जा. आजीकडून ती गोष्ट ऐका, पोरीच्या समोर ऐका," एवढंच म्हणालात.

आता मी महाडच्या शाळेत आहे. गेल्या शनिवारी दिवेलागणीनंतर मुलांना गच्चीवर आकाश दाखवत होते, तुमच्यासारखंच, आधी नुसतं बघा म्हणत. पहिलीतली एक पोर 'बाजलं' म्हणाली, तर सोबत आलेल्या तिच्या आईने झटकन तिचा हात खाली ओढला. "बाजलं नाय म्हनायचं गो. सप्तर्षी म्हन. चूक होते." मी बॅटरी वळवली. आईच्या हनुवटीवर तोच ठिपका. तिने मला ओळखलं, पदर सावरून हसली. मी काय करावं? पुढचा तारा दाखवला. इतकी भित्री आहे मी अजून.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून धीर होतोय. त्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, जाऊन आलात का? मी हो म्हणाले. आजीने कोरा चहा दिला, गोष्ट दोनदा सांगितली, पोर मांडीवर येऊन बसली, असंही सांगितलं. तुम्हाला किती बरं वाटलं होतं. गुरुजी, मी वाडीवर गेलेच नव्हते.