आपोआप उगवलेलं

८ जानेवारी, देवास
धारच्या कॉलेजातल्या व्याख्यानासाठी आलेख संपवला. भारत आणि नेपाळ — आपोआप वाढणारं जंगल, गेल्या तीस वर्षांतलं. कुणी न लावलेलं, बी पडून किंवा जुन्या खोडांतून फुटून आलेलं. नुसतं क्षेत्र मांडलं की नेपाळची रेघ तळाशी चिकटून बसते, बिचारा देशच केवढा! म्हणून प्रत्येक देशाची तुलना त्याच्याच पहिल्या वर्षाशी केली. लागवडीचं जंगल वेगळं काढलं. आता दोन्ही रेघा शेजारी ठेवून बोलता येतील.

संध्याकाळी धाकट्या भावाचा, अंकुरचा फोन. कारखाना बंद झाल्यापासून त्याचा आवाज खाली गेलाय. खातेगांवच्या आपल्या टेकडीवर निलगिरी लावायला एक पार्टी तयार आहे म्हणे. परवानगीही काढलीय. पण टेकडी तात्यांच्या नावावर, आणि ते हो-नाही काहीच म्हणत नाहीत. "ताई, तू सांग ना त्यांना. काका आहेत, पण ऐकतात तुझंच."

११ जानेवारी, खातेगांव
बाबा गेल्यावर तात्यांनी टेकडीवर शेळ्या आणि कुऱ्हाड दोन्ही बंद केल्या होत्या. एवढंच केलं त्यांनी. आज वर गेले तर साग डोक्याच्या वर, मध्ये धावडा, तेंदू. एक रोप कुणी लावलेलं नाही. मी वर्गात जे फळ्यावर काढते ते इथे उभं आहे.

खाली आले तर अंकुर अंगणात, मान खाली घालून. तात्या खाटेवर. त्यांनी मलाच विचारलं, "अवंती, तू शिकवतेस हे सगळं. निलगिरी लावली तरी ते जंगलच ना ग?"

अंकुरने वर पाहिलं. त्याचा चेहरा बघवेना.

"हो तात्या. जंगलच."

तात्या म्हणाले, "मग करा."

१२ जानेवारी, देवास
जेवण गेलं नाही. निलगिरी 'लागवड' या रकान्यात जाते. हे मीच मुलांना शिकवते.

१७ जानेवारी, धार
व्याख्यान चांगलं झालं — सगळे तसं म्हणाले. शेवटी वैभवी नावाच्या मुलीने हिंदीत विचारलं की, जुनं जंगल तोडून तिथेच नवीन लावलं तर आलेखावर काहीच दिसणार नाही का? मी म्हटलं, "एकूण जंगलात नाही दिसणार. आपोआप वाढलेल्याची रेघ मात्र खाली येईल. आणि ती लावून वर चढत नाही. वाट पाहावी लागते." टाळ्या वाजल्या. मला कानकोंडं झालं.

चहा तसाच टाकून बाहेर आले, अंकुरला फोन लावला. "जरा थांबव रे काम."

"ताई, अब क्या थांबवू? मशीन कालच वर चढली."

१८ जानेवारी, खातेगांव
खालचा उतार मोकळा. तांबडी माती, उपटलेली खोडं एका बाजूला लोटलेली. वरचा अर्धा अजून हिरवा. ड्रायव्हरला हात केला, त्याने मशीन बंद केली आणि अंकुरकडे पाहिलं.

अंकुर माझ्यावर पहिल्यांदाच चिडला. "तूच हो म्हणालीस! मी तर फक्त त्यांच्याशी बोल म्हणालो होतो. तू नाही म्हटलं असतंस तर मी दुसरं काही पाहिलं असतं." खरं आहे. त्याच्यासाठी खोटं बोलले असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होते. त्याने खोटं मागितलंच नव्हतं.

तात्यांकडे गेले. म्हटलं, "तात्या, मी खोटं सांगितलं. निलगिरीचं बन म्हणजे आपलं जंगल नव्हे."

त्यांनी पायावरची शाल नीट केली. मग म्हणाले, "ठाऊक होतं मला. ऐंशी वर्षं इथे काढली, निलगिरी ओळखत नाही का मी?"

"मग विचारलंत कशाला?"

"अंकुरला नाही म्हणवत नव्हतं माझ्याने. वाटलं, तू म्हणशील."

मी तिथेच जमिनीवर बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आत सगुणाकाकूंना हाक मारली, माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

२१ जानेवारी, देवास
अंकुरने मशीन परत पाठवली. खालच्या अर्ध्यात निलगिरी लागेल, पार्टीला शब्द दिलाय. फोनवर दोघंही जपून बोललो, परक्यासारखं.

२६ जानेवारी
तात्यांचा फोन. वरची अर्धी टेकडी माझ्या नावावर करतायत. मी नको म्हटलं — मला नका देऊ, माझा काय भरवसा.

म्हणाले, "म्हणूनच तुला देतोय. आता तू चुकणार नाहीस."