साखळी ३४० चा छेद

२१ नोव्हेंबर १९८८, तोंडवली
पोचले एकदाची! गुरुदास सर स्वतः लांब एसटीच्या थांब्यावर आले होते, ट्रंक त्यांनीच उचलली. बाबा गेल्यावर माझं शिक्षण सुटणारच होतं. तेव्हा हेच सर गारगोटीला आमच्या घरी येऊन आईला तासभर समजावत बसले होते. आता त्यांनी इथे स्वतःचं मोजणीचं ऑफिस काढलंय आणि पहिली आठवण माझी झाली.
ऑफिस म्हणजे सुभद्राकाकींच्या घराची पुढची खोली. मागे मी आणि काकी. काकींनी आल्या आल्या बांगड्याचं तिखलं वाढलं आणि पान रिकामं होऊ दिलं नाही.

२३ नोव्हेंबर
गावापर्यंत रस्ता आणायचाय, वरच्या सड्यावरून, कातळाच्या माळावरून. सर दुर्बिणीतून बघतात, लवू आकड्यांची उंच पट्टी धरून उभा राहतो. लवू पन्नाशीचा, अबोल. ऑफिसच्या दारापासून शून्य धरून दर वीस मीटरला डाव्या-उजव्या बाजूची उंची घेतात. ते आकडे मी कॉम्प्युटरला भरते आणि पडद्यावर जमिनीचा छेद उमटतो, फणस उभा चिरावा तसा. आज सोळा छेद निघाले. सर म्हणाले, हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमलं नसतं. मला दिवसभर हसूच येत होतं.

२४ नोव्हेंबर
साखळी ३४० ला, म्हणजे दारापासून ३४० मीटरवर, खड्डा आला. एक मीटर खोल, कडा सुरीने कापल्यासारख्या. पट्टीवरचा आकडा वाढला की जमीन तेवढी खाली, हे साधं गणित. वहीत तीन आकडे एकदम वाढलेत. लवूला विचारलं. तो म्हणाला, “थंय खड्डो नाय, बाय. सपाट आसा.” सर म्हणाले, आहे तसा छेद काढ. काढला.

२५ नोव्हेंबर
मीही सड्यावर गेले. लख्ख ऊन, काळा कातळ, वाळकं गवत. ३४० ला जमीन परातीसारखी सपाट. लवू पट्टी धरून उभा राहिला. मी दुर्बिणीला डोळा लावला, आणि लवू कमरेपर्यंत कातळात गेलेला दिसला. डोळा काढला तर तो पुरता वर उभा, पान चघळत. पुन्हा लावला. कमरेपर्यंतच. आणि त्याच्या शेजारी कुणाचं तरी डोकं. दोन वेण्या.
मी सरांना सांगितलं. त्यांनी फक्त आकडा विचारला आणि लिहून घेतला. त्यांना नवल वाटलं नाही, हेच मला जास्त लागलं.

२७ नोव्हेंबर
कपाटात १९८६ ची वही सापडली, याच रस्त्याच्या आधीच्या मोजणीची. साखळी १८० ला हाच खड्डा, हीच खोली. सोबत आलेखाच्या कागदावर हाताने काढलेला छेद, खाली सही: मथुरा. चार दिवसांनी सरांच्या अक्षरात: ‘१८० सपाट. पुढे जाण्यास हरकत नाही.’
काकींना विचारलं मथुरा कोण. सरांचीच विद्यार्थिनी, लग्न होऊन गेली, म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

२८ नोव्हेंबर
आज ३४० सपाट आहे. खड्डा १२० वर आलाय. ऑफिसच्या बाजूला.
लवूने विहिरीपाशी गाठलं. “आकडे वाचता तेका काय नाय. चित्र काढता, तेच्याकडे ता येता. एकाक घेतल्याशिवाय रस्तो फुडे सरणा नाय. पयली मथुरा गेली. आता तुका हाडल्यानी. जा गो बाय, सकाळच्या गाडयेन जा.”
म्हणून सर छेद कधी स्वतः काढत नाहीत. म्हणून माझी आठवण झाली.
आईला समजावत बसले होते तेव्हाही त्यांच्या मनात— नाही. तेवढं तरी खरं असू दे.

२९, सकाळ
ट्रंक भरली. ऑफिसमध्ये ही डायरी घ्यायला आले आणि मागून कडी लागली. काकी. दारापलीकडून रडत म्हणाल्या, “माका माफ कर गो. माझो घोव डोलयेतसून दवाखान्यात नेताना वाटेरच गेलो. रस्तो व्हयोच.”
काल त्यांनी माझे केस विंचरले होते.

खिडकीला गज आहेत. सरांनी अंगणात तिवई मांडलीय. दुर्बीण माझ्याकडे रोखलेली. लवू दिसत नाही. पट्टी आतच, माझ्या टेबलाला टेकवून ठेवलेली. आधीच.
हाका मारल्या. ते वर्गात बोलायचे तशाच आवाजात म्हणाले, “हलू नको, विमल. रीडिंग घेतोय.”

आकडे मोठ्याने म्हणतायत. एक दहा. एक तीस. एक साठ—
दर वेळी जास्त.
मी पाय बघतेय. फरशीवरच आहेत. फरशीवरच—
एक नव्वद.
सर, एकदा डोळा काढून नुसतं माझ्याकडे बघा, मी इथेच उ—