ढगातली तालीम

३ जानेवारी
बाहेरचं काही न बघता, नुसत्या यंत्रांच्या काट्यांवर ढगातून विमान न्यायचं लायसन्स माझ्याकडे आहे. पण ते चालू ठेवायला सहा महिन्यांत सहा वेळा तसं उतरावं लागतं. माझं झालंय एकदा. उरलेल्या पाच वेळा म्हणजे डाव्या हातचा मळ. दर शनिवारी सराव. ठरलं.

१० जानेवारी
आभाळ निरभ्र. ढगच नाहीत तर सराव कसला? रद्द.

१७ जानेवारी
ढगच ढग. सराव नसताना ढगात शिरणं मूर्खपणा. रद्द. शिस्त म्हणतात ती हीच.

२ फेब्रुवारी
घरी कॉम्प्युटरवर चार वेळा उतरलो. पैकी दोनदा धावपट्टीवर. बायकोने डोकावून विचारलं, समुद्रात उतरलात, टॉवेल आणू का? तिला टेक्निकल बाजू कळत नाही.

२१ फेब्रुवारी
लेकीचे दिवस भरत आलेत. फोनवर सांगून टाकलं, कळा सुरू झाल्या की कळव, दीड तासात बाबा हजर. जावई म्हणाला, तोवर आम्ही टॅक्सीने हॉस्पिटल गाठतो. समजूतदार मुलगा.

७ मार्च
शिकवणाऱ्या सरांबरोबर उड्डाण. बाहेर दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड. मी म्हटलं, विमान सरळ आहे, काटा बिघडलाय. सरांनी झापड काढायला लावली. डाव्या खिडकीत शेतं उभी होती! सर म्हणाले, काटा नाही, तोल सांगणारा आपला कान फसवतो; माझ्याबरोबर आणखी पाच फेऱ्या झाल्याशिवाय एकट्याने ढगात जाऊ नका. माणूस चांगला, पण भित्रा.

१९ मार्च, सकाळी ७
फोन आला. वेळ झाली! ढग जरा खाली आहेत. बायकोला म्हटलं, चल विमानाने. ती म्हणाली, मी बसने पुढे होते, तुम्ही या वरून. पाच तास धक्के खाईल बिचारी.

१९ मार्च, सकाळी १०.३०
ढगात शिरलो. अगदी सरळ चाललो होतो. टॉवरवरच्या बाईंनी रेडिओवर विचारलं, गोल गोल का फिरताय? काटाही तेच सांगत होता. लहान मुलाला जिना उतरवावा तसं बाईंनी मला पायरी पायरीने परत आमच्याच धावपट्टीवर आणलं. उतरल्यावर विमानाला धरून उभा राहिलो. वारा फार होता.

१९ मार्च, दुपारी २
बायकोचा फोन. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तुम्ही कुठे आहात?
जमिनीवर, म्हटलं.
ती म्हणाली, बरं झालं. चारची बस आहे.

१९ मार्च, दुपारी ४.१०
बस मिळाली. उभ्याने.