सीटवरचा डाग

दि. १२ मार्च

चि. साहेबांस,

ताईचे आशीर्वाद. तुझी सीट आणि पत्र दोन्ही पोचलं. इकडे सगळं ठीक. दुकानात दोन सोफे शिवायला आलेत आणि मशीनचा पट्टा सारखा सुटतोय.

तुझं अर्धं पत्र गाडीच्या कौतुकातच गेलंय. ती ड्रायव्हरशिवाय आपली आपण चालते, म्हणून बसणाऱ्याने आत टेबल ओढून काम करायचं. माणूस घटकाभर खिडकीबाहेर बघत बसला तर तुम्हा लोकांच्या पोटात का दुखतं, कोण जाणे. काचासुद्धा धुरकट करून टाकल्यास. आणि तो लाल दिवा म्हणजे तर शहाणपणाचा कळस. दिवा लागला की आत कोणी बोलायचं नाही, साहेब कामात आहेत. वर्गात बडबडतोस म्हणून रोज बाकावर उभा राहणारा तूच ना?

लिहितोस, इकडून तुझ्याकडे येताना गाडीत आईच्या हातून पाणी सांडलं, कव्हर बदलून दे आणि तिला परत न्यायला कधी येऊ ते कळव. तुझ्याकडे कायमची राहायला गेलेली बाई आठव्या दिवशी माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा तिनेही हेच सांगितलं. पाणी सांडलं आणि तिथली हवा मानवत नाही.

काल मी सीट उसवली. तीस वर्षं गाद्या शिवतेय. पाणी कुठलं आणि काय कुठलं, ते मला फोम हातात घेतला की कळतं.

आईला विचारलं. तिने चष्मा काढून पुसायला घेतला. मग म्हणाली, "अगं, चार तास त्याचा दिवा लागलेला. मध्येच कसं बोलायचं? ड्रायव्हर असता तर त्याला म्हटलं असतं, बाबा रे, जरा बाजूला घे." आणि लगेच, "त्याला कळवू नकोस हं. वाईट वाटेल त्याला."

मी कळवतेय. वाटू दे वाईट. हातभर अंतरावर आई अंग चोरून बसली होती आणि तुझी मान वर झाली नाही. उतरल्यावर दिसली ती सीट. लाज वाटते मला तुझी.

नवं कव्हर शिवून पाठवलंय. आईला मी पाठवणार नाही. तिला भेटायला मात्र ये, आणि तिच्यापुढे म्हणायचं ते पाणीच सांडलं होतं, एवढं लक्षात ठेव.

अजून तरी तुझी,
ताई