माझ्या निरोपाचा फ्लेक्स

३ जून
नगरच्या डेअरीचं पत्र आलं. दुधाची फॅट तपासायचंच काम, पगार जवळजवळ दीडपट. जायचं नाहीच. आई शेळ्या सोडून पाटोद्याबाहेर पडायची नाही, आणि तिला एकटी टाकून मी कुठं जाणार? पण पत्र सुंदरराव आण्णांना दाखवायचं. दूध संकलन केंद्र त्यांचं. मी तिथं कामाला लागले तेव्हापासून पगार तेवढाच — आता तरी वाढवतील.

४ जून
दाखवलं. आण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "काय करू आण्णा?" एवढंच मी म्हणाले. पगार वाढवा, हे ओठांवर होतं, पण मोठ्या माणसाला तोंडावर मागायचं कसं? त्यांनीच ओळखावं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.
"लई भारी झालं पोरी!" आण्णा म्हणाले. ड्रायव्हरला पेढे आणायला पिटाळलं. मीही दोन खाल्ले.

७ जून
चौकात फ्लेक्स लागला. माझा आधार कार्डावरचा फोटो, आण्णांचा माझ्या दुप्पट. 'कु. योगिता हिला भावी वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.' वजनकाट्यावरचा बंकट म्हणाला, "तोंड कावून पाडलंस? जायचं न्हाई तर सांग की सरळ." फ्लेक्स लागल्यावर काय सांगू? करायला गेले गणपती, झाला मारुती. वाईटसुद्धा वाटत नाही. नुसतं बधिर.

१० जून
सत्कार झाला. शाल, श्रीफळ, वर फेटा. आण्णा माईकवर म्हणाले, "म्या पगार दुप्पट करायला तयार व्हतो. पण पोरीनं शबुदच काढला न्हाई. मग आपण कावून तिची वाट अडवायची?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

११ जून
आईच्या कानावर गेलंच असणार. बोलत मात्र काही नाही. भाकरी थापते, शेळ्यांकडं जाते. मीही बोलत नाही. नगरहून फोन आला — कधी येताय? कळवते म्हणाले.

१३ जून
संध्याकाळी घरी आले तर गोठा रिकामा. आईनं शेळ्या शेजारच्या वनमाला काकूला देऊन टाकल्या! आई उंबऱ्यात बसलेली, शेजारी बोचकं. मला वाटलं, माझे कपडे बांधले. सोडून बघितलं तर सगळी तिचीच लुगडी.
"म्या येनार न्हाई, हे तुला कुनी सांगितलं? इचारलंस का कदी?"
तेव्हा कुठं मला रडू फुटलं.