सणाचे तांबडे बूट

सिसिमिउत, २१ जून

प्रिय पिपालुक हिला सप्रेम नमस्कार; रागवायचे असेल तर पत्र संपल्यावर रागव.

येथील सर्व क्षेम आहे. कोपनहेगनच्या इस्पितळात जेवण बरे मिळते का? हृदयाची शस्त्रक्रिया सोमवारीच ना? सहज विचारले.

आज स्वशासनदिन यथासांग पार पडला. सकाळी झेंडा चढला, तोफ उडाली, मग माझे नित्याचे व्याख्यान. डेन्मार्ककडून आपल्या या बर्फाळ बेटाचा कारभार आपल्या हाती कसा आला, हे मी सांगू लागलो की तू दरवर्षी पहिल्या रांगेतून खोकून मला थांबवतेस. यंदा कोणी खोकले नाही. लोकांनी फार सोसले.

तुझ्या बहिणीने, निवीने, आजच्यापुरता तुझा सणाचा पोशाख मागितला. मी चक्क नाही म्हटले. त्यावर तुझी आई सर्वांसमक्ष कडाडली, "जावईबापू, पोरगी दवाखान्यात गेलीय, देवाघरी नाही! पेटीला कुलूप कसलं घालताय?"

मी पेटी उघडली. मण्यांची गळपट्टी निवीला शोभली; तुझ्याइतकी नाही, पण हे तिला कळवू नकोस.

तांबडे बूट मात्र दिले नाहीत. "सीलचं कातडं घातलं नाही तर ताठरतं," आई म्हणाली, "मग बसा चोळत!" बसलो. कॉफीला आलेल्या पाहुण्यांदेखत चोळत बसलो. बोटे दुखतात, पण बूट मऊ आहेत.

ते असे किती दिवस मऊ ठेवायचे, तेवढे डॉक्टरांना विचारून कळव.

तुझाच,
आक्कालुक